पत्र आणि पत

सावकाराच्या पेढीवरची हुंडी म्हणजे वास्तविक कागदाचा एक कपटा. परंतु ज्यानें ती लिहिली त्याची पत बाजारांत शाबूत असली म्हणजे त्या कपट्यास नगद रुपयाचें मोल येतें, आणि पत उडाली कीं त्याच कागदास रद्दीचा भाव. छापील शब्दाची स्थिति याहून फारशी निराळी नाहीं. लिहिणारा दूर, वाचणारा दूर. दोघांची गांठ बहुधा जन्मांत पडावयाची नाहीं. आणि तरीहि एकानें सांगावें व दुसऱ्यानें तें खरें मानून त्यावर आपलीं मतें, प्रसंगीं आपला पैसाहि, उभारावा, हा व्यवहार केवळ पतीवर चालतो.

आज हा विषय पुन्हां लोकांच्या तोंडीं आला आहे. खिशांतल्या मोबाइलच्या बळावर कोणीहि तरुण यूट्यूबवर आपलें चॅनेल काढून घरबसल्या हजारों अपरिचितांशीं बोलूं लागतो, आणि लवकरच त्याच्यापुढें प्रश्न उभा राहतो कीं, या अपरिचितांनीं माझ्यावर विश्वास कां ठेवावा? त्याला सल्ला देणारेहि थोडे नाहींत. ठरल्या वारीं न चुकतां प्रकट व्हावें, घरच्यासारखें मोकळेपणानें बोलावें, आणि ऐकणाराच्या मनांत जें असेल तेंच आपल्या तोंडून निघावें, असा त्या सल्ल्याचा एकंदर मथितार्थ. मराठी नियतकालिकांचा इतिहास ज्यांनीं थोडाबहुत चाळला आहे त्यांस हा प्रश्न जुना वाटेल. जांभेकरांपासून आंबेडकरांपर्यंत प्रत्येक पत्रकर्त्यास तो पडला होता. आणि त्यांनीं तो ज्या रीतीनें सोडविला ती पाहिली म्हणजे, ऐकणाराच्या मनांतलें बोलून मिळविलेली पत कितपत पक्की समजावी, याविषयीं शंका उत्पन्न होते. त्या शंकेचाच येथें थोडा विचार करावयाचा आहे.

आरंभीं तर छापील कागदावरच आमच्या लोकांचा विश्वास नव्हता. छापखाने आले ते मिशनऱ्यांचे आणि सरकारचे; पहिल्यांचा हेतु धर्म बुडविण्याचा व दुसऱ्यांचा राज्य पक्कें करण्याचा, अशी सामान्य समजूत. त्यांत शाईला चरबी लागते ही वार्ता. अशा काळीं गणपत कृष्णाजी यांनीं मुंबईस स्वतःचा शिळाछापखाना घातला, शाईंत चरबीच्या जागीं तूप वापरलें, आणि १८३१ सालीं मराठी पंचांग छापून काढलें. पंचांगावर घरांतील तिथि, व्रतें आणि मुहूर्त अवलंबून. तें बाटलेल्या शाईचें असतें तर कोणी उंबरठ्याच्या आंत येऊं दिलें नसतें. गणपत कृष्णाजींनीं गिऱ्हाइकाशीं वाद घातला नाहीं, त्याच्या सोंवळ्याची थट्टाहि केली नाहीं. त्याची शंका होती ती शाईंतूनच काढून टाकली. छापील मराठी शब्दास आमच्या घरांत प्रवेश मिळाला तो या तुपाच्या वाटेनें, असें म्हटल्यास फारशी अतिशयोक्ति होणार नाहीं.

पुढच्याच वर्षीं, ६ जानेवारी १८३२ रोजीं, बाळशास्त्री जांभेकरांचें ‘दर्पण’ निघालें. प्रथम तें पाक्षिक होतें, कांहीं महिन्यांतच साप्ताहिक झालें. त्याच्या पानावर एका रकान्यांत इंग्रजी आणि शेजारच्या रकान्यांत मराठी मजकूर असे. राज्यकर्त्यांस एतद्देशीयांचें मन कळावें व एतद्देशीयांस विलायती विद्या कळावी, असा या रचनेचा हेतु सांगतात, आणि तो खराच आहे. परंतु तिचा आणखी एक परिणाम मला लक्षांत घेण्याजोगा वाटतो. साहेबाजवळ एक बोलावें आणि रयतेजवळ दुसरें, ही दुटप्पी चाल अशा पत्रांत चालणें कठीण. ज्यास दोन्ही भाषा येतील त्यानें दोन्ही रकाने ताडून पाहावे! तशीं माणसें त्या वेळीं बोटांवर मोजण्याइतकीं होतीं हें खरें. परंतु जो सावकार आपली वही उघडी टाकून बसतो त्याची वही तपासण्यास सहसा कोणी येत नाहीं. ‘दर्पण’ १८४० सालीं बंद पडलें.

या काळीं विश्वास टाकावा लागे तो एकट्या वाचकास नव्हे. पत्रकर्ता अंक आधीं धाडी आणि वर्गणीची वाट पाहत बसे. १८७७ सालीं टपालखात्यानें व्ही. पी.ची पद्धत सुरू केल्यावर त्याला थोडा हात मिळाला. तथापि परत आलेल्या व्ही. पीं.चीं आणि थकलेल्या वर्गण्यांचीं रडगाणीं जुन्या मासिकांच्या पानांवर भरपूर आढळतात. १८६७ च्या कायद्यानें मुद्रक व प्रकाशक यांचीं नांवें आणि छापल्याचें ठिकाण अंकावर घालणें सक्तीचें झालें, म्हणजे धरावयाचें कोणास हें सरकारास कळूं लागलें. लिहिणारा कोण हें मात्र वाचकास पुष्कळदां कळत नसे. भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’ पत्रांत १८४८ ते १८५० या काळांत जीं १०८ पत्रें आलीं त्यांखालीं ‘लोकहितवादी’ हें टोपणनांव होतें; त्यामागचे गोपाळ हरि देशमुख सरकारी नोकरींत होते. आपल्याच जातीच्या आळसावर आणि दंभावर इतके कडक कोरडे ओढणाऱ्यास नांवाचा आधार नव्हता, अधिकाराचा नव्हता, वाचकांच्या अनुकूलतेचा तर नव्हताच. केवळ वाक्याच्या जोरावर पत मिळविण्याचा तो प्रयोग होता. वाचकांनीं तीं पत्रें वाचलीं पुष्कळ, आचरणांत थोडीं आणलीं. असो.

एका मनुष्यानें एकट्याच्या लेखणीवर वाचकवर्ग उभा करावा, याचें आमच्याकडील ठळक उदाहरण म्हणजे विष्णुशास्त्री चिपळूणकरांची ‘निबंधमाला’. जानेवारी १८७४ मध्यें ती सुरू झाली तेव्हां शास्त्रीबोवांस चोविसावें वर्ष चालू होतें आणि ते सरकारी शाळेंत शिक्षक होते. एकंदर ८४ अंक निघाले. मजकूर जवळजवळ सारा एका हातचा. चित्रें नाहींत, कादंबरी नाहीं, बातम्या नाहींत. भाषा, इतिहास, वक्तृत्व, लोकभ्रम, डॉक्टर जॉन्सन असे विषय, आणि एकेक विषय अंकामागून अंक लांबत जाणारा. तरीहि इंग्रजी शिकलेला तरुण तिची वाट पाहत असे. भाषेचा डौल हें त्याचें एक कारण उघडच आहे. दुसरें असें कीं, मालाकार जें बोलतो त्याची किंमत मोजण्यास तो तयार आहे हें लोकांनीं पाहिलें: १८७९ सालीं त्यांनीं सरकारी नोकरी सोडली, आणि १८८० च्या आरंभीं टिळकांसह न्यू इंग्लिश स्कूल काढलें. आणखी एक कारण आहे, तें फारसें कोणी सांगत नाहीं. परकीयांनीं आमचा इतिहास विपर्यस्त लिहिला, असें मालेंत नुसतें ओरडून ते थांबले नाहींत. १८७८ सालीं जनार्दन बाळाजी मोडक आणि काशीनाथ नारायण साने यांच्या सहवासांत ‘काव्येतिहाससंग्रह’ सुरू करून जुन्या बखरी आणि काव्यें मूळ स्वरूपांत वाचकाच्या हातीं देण्याच्या उद्योगांत ते सामील झाले. माझें न पटेल तर मूळ कागद पाहा, असें म्हणण्याची ही तयारी होय. आणि निबंधकारापेक्षां ती इतिहासकाराला अधिक शोभणारी आहे.

इतकें असूनहि मालेच्या पतीला एक खोट होती, आणि ती झांकण्यांत अर्थ नाहीं. तिचा वाचक परक्या राज्याच्या तेजानें दिपलेला आणि मनांतून खचलेला होता. तुझी भाषा, तुझे पूर्वज, तुझा देश यांत लाज वाटण्यासारखें कांहीं नाहीं, हें त्याला कोणीतरी सांगावयास हवेंच होतें. पण तें ऐकण्यास तो आतुरहि होता. ज्याला जें ऐकावयाचें आहे तें त्याला गोड भाषेंत सांगितलें म्हणजे विश्वास लवकर बसतो, आणि लेखकासहि हळूहळू त्याची चटक लागते. लोकहितवादींवर मालेंत जो हल्ला झाला तो या चटकेचाच परिणाम होता असें मला वाटतें. जोतिराव फुल्यांच्या बाबतींत तर शास्त्रीबोवांनीं त्यांच्या भाषेची व व्याकरणाची यथेच्छ टर उडविली. शूद्रातिशूद्रांच्या ज्या गाऱ्हाण्यासाठीं ती भाषा तशी तिखट झाली होती त्या गाऱ्हाण्यास सरळ उत्तर दिलें नाहीं. उत्तराची जरूर त्यांस भासली नसावी, कारण ज्यांच्यापुढें ही टर चालली होती ते सारे एकाच बाजूचे होते. मालेची हुंडी खरी होती; फक्त ती एका आळींत वटत होती.

आळीबाहेर तिचें काय होतें याची परीक्षा लवकरच झाली. जानेवारी १८८१ मध्यें ‘मराठा’ आणि ‘केसरी’ हीं पत्रें निघालीं. पहिलें इंग्रजी, दुसरें मराठी. त्यांच्या स्थापनेंत विष्णुशास्त्री होतेच. ‘केसरी’चे संपादक गोपाळ गणेश आगरकर आणि ‘मराठा’चे बाळ गंगाधर टिळक. त्या वेळीं कोल्हापूरचे तरुण छत्रपति चौथे शिवाजी यांस वेड लागलें आहे असें ठरवून त्यांस बंदोबस्तांत ठेविलें होतें, आणि त्यांचा छळ होत असल्याच्या वार्ता पुण्यास येत होत्या. दोन्ही पत्रांनीं संस्थानचे कारभारी माधवराव बर्वे यांजवर शस्त्र उपसलें. टीकेस आधार म्हणून बर्व्यांचीं म्हणून सांगितलीं जाणारीं कांहीं पत्रें पुढें करण्यांत आलीं. बर्व्यांनीं अब्रुनुकसानीची फिर्याद केली, आणि तीं पत्रें बनावट ठरलीं.

येथें क्षणभर थांबावें असें हें स्थळ आहे. पत्र सुरू होऊन पुरतीं दोन वर्षेंहि झालीं नाहींत तोंच पत्रकर्त्यांनीं वाचकांपुढें खोटा दस्तऐवज खरा म्हणून ठेविला होता. हेतु शुद्ध होता, स्वतः ते फसले होते. परंतु हुंडी खोटी निघाली म्हणजे पेढीवाल्याचा हेतु कोणी विचारीत नाहीं. टिळक-आगरकरांनीं दिलगिरी प्रदर्शित केली; बर्व्यांचें तीमुळें समाधान झालें नाहीं. १७ जुलै १८८२ रोजीं दोघांस चार महिन्यांच्या साध्या कैदेची शिक्षा झाली. मुंबईच्या डोंगरी तुरुंगांत १०१ दिवस काढून २६ ऑक्टोबर रोजीं ते सुटले, तेव्हां लोकांनीं त्यांचें स्वागत जयजयकारानें केलें. बाजाराच्या नियमाप्रमाणें जी पेढी बुडावयाची ती या खटल्यानंतर अधिकच भरभराटीस आली.

याचें कारण काय? सामान्यतः सांगतात तें असें कीं, लोकांसाठीं तुरुंगांत जाणारास लोक डोक्यावर घेतात. हें उत्तर मला अर्धें वाटतें. तुरुंगवासानें बनावट पत्रें खरीं होत नाहींत. सोसणें हा सत्याचा पुरावा नव्हे, आणि चुकीच्या गोष्टींसाठीं हंसत हंसत शिक्षा भोगणारीं माणसेंहि इतिहासांत कमी नाहींत. उरलेल्या अर्ध्या उत्तराचा कांहीं भाग त्या दिलगिरींत आहे. चूक झाली ती उघड कोर्टांत मान्य झाली, ती दडपून पुन्हां त्याच पत्रांचा डांगोरा पिटण्यांत आला नाहीं. कांहीं भाग मात्र पुढील घटनांत आहे. डिसेंबर १८८३ मध्यें ते दुर्दैवी छत्रपति अहमदनगर येथें, त्यांच्यावर नेमलेल्या एका गोऱ्या सोजिराशीं झालेल्या झटापटीनंतर मरण पावले. पुरावा खोटा असला तरी गाऱ्हाणें खरें होतें, अशी लोकांची खात्री पटली.

ही खात्री मला समजते. परंतु तिच्या पोटांत एक विष आहे असेंहि वाटतें. या खटल्यापासून मराठी वाचक विधानापेक्षां विधान करणाऱ्यावर विश्वास ठेवावयास शिकला. अमुक गोष्ट खरी आहे काय, असें विचारण्याऐवजीं सांगणारा आपला आहे काय, त्यानें सोसलें आहे काय, असें तो विचारूं लागला. पत्रकर्त्याच्या दृष्टीनें ही पत फार सोयीची, कारण एकदां मिळाली कीं ती प्रत्येक वाक्यागणिक नव्यानें मिळवावी लागत नाहीं. वाचकाच्या दृष्टीनें ती तितकीच धोक्याची. टिळकांसारखा हिशोबी बुद्धीचा मनुष्य हातीं पत्र धरून होता तोंवर हा धोका फारसा जाणवला नाहीं. परंतु तीच पत वारशानें किंवा नुसत्या आविर्भावानें मिळवूं पाहणारे पुढें कितीतरी निघाले, आणि आजहि निघत आहेत.

या प्रकरणांतील मला सर्वांत बोलकी वाटणारी गोष्ट निराळीच आहे. खटल्यांत आरोपींस जामिनाची जरूर पडली तेव्हां रामशेट बापूशेट उरवणे हे दहा हजार रुपयांस जामीन राहिले, आणि तेहि जोतिराव फुल्यांच्या सांगण्यावरून. ‘केसरी’च्या एका संस्थापकानें ज्यांच्या व्याकरणाची टर उडविली होती त्यांनीं ‘केसरी’च्या संपादकांसाठीं शब्द टाकावा, आणि त्या शब्दावर एका व्यापाऱ्यानें दहा हजारांची जोखीम घ्यावी! पत या शब्दाचा याहून रोखठोक अर्थ दुसरा सांपडणार नाहीं. फुल्यांस ‘केसरी’चीं मतें पटत होतीं असें नाहीं. छत्रपतींच्या वंशजावर होणाऱ्या अन्यायाविरुद्ध कोणी बोलला, एवढें त्यांस पुरेसें होतें.

डोंगरीच्या दिवसांचें वर्णन आगरकरांनीं लिहून ठेविलें आहे. कोठडींत दोघे मित्र रात्रीं इतक्या मोठ्यानें वाद घालीत कीं, बाहेरून त्यांस गप्प बसविण्याची पाळी येई. तोच वाद पुढें भिंतींबाहेर पडला. १८८७ सालीं आगरकरांनीं ‘केसरी’ सोडला आणि १८८८ सालीं ‘सुधारक’ काढला. त्याची इंग्रजी बाजू गोपाळ कृष्ण गोखले पाहत. डोंगरीनें मिळवून दिलेली पत आगरकरांच्याहि खात्यावर जमा होती. तिच्या व्याजावर आयुष्य सुखानें गेलें असतें. त्यांनीं मुद्दलच खर्चावयास काढलें. बालविवाह, विधवांचें केशवपन, संमतिवय या ज्या ज्या विषयांवर वाचकांस ऐकावयाचें नव्हतें त्या त्या विषयांवर ते लिहीत राहिले. पुण्यांत त्यांची जिवंतपणीं प्रेतयात्रा निघाली. या प्रेतयात्रेचा उल्लेख आगरकरांच्या अपयशाची खूण म्हणून केला जातो, पण मला ती त्यांच्या पतीची पावती वाटते. ज्याचें बोलणें पोकळ आहे असें लोकांस वाटतें त्याची तिरडी कोणी बांधीत नाहीं. हा गृहस्थ बोलतो तें प्रत्येक अक्षर त्याच्या मनांतलें आहे, अशी खात्री असल्याखेरीज इतका संताप येत नाहीं. १७ जून १८९५ रोजीं वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षीं ते वारले, तेव्हां ज्यांच्याशीं त्यांचें सारें आयुष्य भांडण्यांत गेलें त्या टिळकांनींच ‘केसरी’ंत त्यांचा मृत्युलेख लिहिला.

जाहिरातींचा विषय येथें ओझरता येऊन जातो. समाजसुधारणेवरील गंभीर निबंध एका पानावर आणि सर्व रोगांवर रामबाण गोळ्यांची जाहिरात मलपृष्ठावर, हें दृश्य जुन्या मासिकांत नित्याचें आहे. निबंधाची पत गोळीस उसनी मिळे. पण निबंध आणि जाहिरात यांच्यामध्यें निदान एक रेघ असे, आणि वाचकास ती दिसे. आजच्या चॅनेलवाल्यांच्या बोलण्यांत ती रेघ पुसली गेल्यामुळेंच जाहिरातींच्या मानकमंडळास २०२१ सालीं नियम करावा लागला कीं, पैसे घेऊन केलेली स्तुति ही स्तुति म्हणून न खपवितां तशी स्पष्ट सांगावी.

पत एका आळीची असली म्हणजे काय होतें, याचा शेवटचा दाखला १९२० सालचा आहे. ३१ जानेवारीस डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं ‘मूकनायक’ पाक्षिक काढलें. त्याची जाहिरात ‘केसरी’कडे धाडण्यांत आली, पैसे देऊं केले असतांहि ती छापण्यास नकार मिळाला, असें आंबेडकरांनीं पुढें नमूद करून ठेविलें आहे. ‘मूकनायका’स अडीच हजार रुपयांचें साहाय्य दिलें तें कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींनीं, म्हणजे ज्या गादीच्या पूर्वीच्या धन्यासाठीं ‘केसरी’चे संपादक तुरुंगांत गेले, आणि ज्यांच्यासाठीं फुल्यांच्या शब्दावर जामीन मिळाला, त्याच गादीवर १८८४ मध्यें दत्तक आलेल्या राजानें. अडतीस वर्षांत हिशोबाच्या दोन्ही बाजू अशा उलटल्या होत्या. ‘केसरी’ची पत तेव्हां महाराष्ट्रांत सर्वांत मोठी होती, आणि तिच्या वर्तुळाबाहेर राहिलेल्या लाखों लोकांस ती एका छदामाच्याहि उपयोगाची नव्हती.

३ एप्रिल १९२७ रोजीं आंबेडकरांचें ‘बहिष्कृत भारत’ निघालें. ‘निबंधमाले’प्रमाणें हेंहि बव्हंशी एका हातचें पत्र, एकेका अंकाचे चोवीस चोवीस रकाने त्यांनीं एकट्यानें लिहून काढले. त्यांच्याजवळ गोड बोलण्यास सवड नव्हती. आपल्या वाचकांसहि ते खडसावीत, आणि वाचक तें ऐकून घेत. कारण महाडच्या तळ्यावर हा मनुष्य आपल्याबरोबर होता हें त्यांस ठाऊक होतें. येथें विश्वासाची कमतरता मुळींच नव्हती. कमतरता होती ती वर्गणीची. ज्यांचा विश्वास होता त्यांच्या कनवटीस पैसा नव्हता, आणि ज्यांच्या कनवटीस होता त्यांना हें पत्र आपलें वाटत नव्हतें. १९२९ च्या नोव्हेंबरांत तें बंद पडलें. एका वर्षानें, नोव्हेंबर १९३० मध्यें, ‘जनता’ सुरू झालें. तें त्याच वाचकांच्या बळावर चाललें, आणि १९५६ सालीं त्यानें ‘प्रबुद्ध भारत’ हें नांव घेतलें.